जळकं तेल

"चाक आत सारलं का?"

"सारतो की."

"सारतो नको. आधी सारा, मग आत शिरा."

"रत्ने, गाडी मी चालवतो का तू?" असं म्हणून मालक तसेच पाठीवर झोपून जीपखाली सरकले.

मला राग आला की मी बोलत बसत नाही. काढून ठेवलेलं मागचं चाक मीच उभं केलं, ढकलत नेलं आणि त्यांच्या कुशीशेजारी चेसीखाली आडवं पाडलं. त्यांनी आतून एक शिवी हासडली. हासडू दे. गाडीचं चाक काढलं की ते गाडीखाली सारायचं, नुसत्या जॅकच्या भरवशावर माणसानं आत जायचं नाही, ही रीत मला लग्नानंतर त्यांनीच शिकवली होती. स्वतः मात्र रागाच्या भरात विसरायचे, आणि त्या दिवशी तर सकाळपासून रागातच होते. राग कुणावर, तर माझ्या पाठच्या भावावर.

आमचं गाव घाटाच्या माथ्यावर आणि पाटण खाली. वरून खाली माणसं न्यायची-आणायची ती वडापच्या जीपनं. मालकांची हयात त्यातच गेली. जुनी जीप होती तेव्हा तिचं सगळं तेलपाणी आमच्या अंगणात व्हायचं. मग नवी जीप घेतली आणि धैर्या आडवा आला. धैर्यशील त्याचं नाव, पण माझ्या तोंडात धैर्याच. कऱ्हाडला जीपच्या शोरूममध्ये तो सर्व्हिसिंगचा सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. "दाजी, नव्या गाडीला घरी पाना लावायचा न्हाई. डिफरन्शियलचं तेल आमच्याकडंच बदला. मी स्वतः उभा राहून करून घेतो."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो लोखंडी गोळा. आमच्याकडं त्याला हौसिंग म्हणतात. आत दातेरी चक्रं असतात आणि ती तेलात बुडालेली लागतात. तेल नसलं की दाते एकमेकांना खातात, आणि मग गाडी बसलीच म्हणायची. मालकांना शोरूमचं हे प्रकरण काही पटत नव्हतं. एका बोल्टाच्या कामासाठी कऱ्हाडला जायचं आणि वर त्या काचेच्या खोलीत बसून राहायचं, म्हणजे काय! पण मेव्हण्याचा शब्द म्हणून गेले, पैसे मोजले आणि गाडी घेऊन आले.

आले ते तडक गाडीखाली शिरले. हौसिंगच्या बुडाला तेल सोडायचा बोल्ट असतो. कारखान्यात तो आवळला की त्याच्यावरनं पिवळ्या रंगाची एक रेघ मारतात, अर्धी बोल्टवर आणि अर्धी गोळ्यावर. बोल्ट जरा जरी फिरवला तरी रेघ तुटते. ती रेघ होती तश्शी होती.

"ये, तू पण बघ," मालक मला म्हणाले. मी वाकून बघितलं. रेघ अखंड होती. बोल्ट कुणी सोडलाच नव्हता, मग तेल बदललं कुठून? मलाही दुसरं काही सुचलं नाही.

मालक घरात आलेच नाहीत. वडापच्या थांब्यावर जाऊन ओरडले, "माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं माझ्या गळ्यावर सुरी फिरवली!" मग काय, सगळ्यांच्याच गाड्या त्या शोरूमला जायच्या. ड्रायव्हर लोकांनी एक जीप भरली, जळकं तेल डब्यात घेतलं आणि कऱ्हाड गाठलं. इंजिनातनं काढलेलं डांबरासारखं काळं तेल ते. शोरूमच्या दारात, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांनी धैर्याला धरलं. "ऐकून तरी घ्या," एवढंच तो म्हणू शकला, कारण कुणीतरी त्याच्या तोंडात तेलाची चिंधी कोंबली. दोघांनी हात पिरगाळले. तोंडाला काळं फासलं ते मात्र आमच्या मालकांनी, स्वतःच्या हातानं. शोरूमच्या मालकानं धैर्याला त्याच दिवशी कामावरनं काढलं. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापानं निरोप धाडला की चोराच्या घरी आमची पोरगी द्यायची नाही.

असं सगळं झालेलं होतं. आणि आता मालक घरच्या घरी तेल बदलायला बसले होते, सगळ्या जगाला दाखवून की असं करतात काम.

"मोठा पाना दे."

मी दिला. बोल्ट कुरकुरला. त्यांनी जोर लावला तशी गाडी जराशी हलली.

"सुटला बघ! घमेलं आण. आता बघ कसं काळं डांबर पडतंय. त्या डांबराची बाटली भरून तुझ्या बाला नेऊन देतो."

"माझ्या बाचं नाव कशाला काढता?"

"मग कुणाचं काढू? चोर काय झाडाला लागला हुता?"

मी घमेलं आणायला वळले आणि धैर्या समोर उभा. मोटारसायकल त्यानं खालीच लावली असणार, आवाज आला नव्हता. प्यायला असता तर बरं झालं असतं, प्यायलेल्या माणसाला ढकलून देता येतं. हा शुद्धीत होता. शर्ट धुतलेला, पण कानाच्या पाळीमागं आणि नखांत काळं अजून तसंच होतं. डोळे सुजलेले.

"आक्का, त्यांना बाहेर काढ."

"धैर्या, घरात चल. आधी पाणी पी."

"मी पाणी प्यायला न्हाई आलो. त्यांना बाहेर काढ म्हणतो ना!"

जीपखालून मालकांचं हसू आलं. "कोण? साहेब आले का? या या. तुमच्याच तेलाची धार बघतोय. थांबा जरा, उरलेलं तोंडाला लावायला उपयोगी पडंल."

"अहो, गप बसा!" मी ओरडले.

पण धैर्याच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं होतं. मालकांचे पाय गुडघ्यापर्यंत जीपबाहेर होते. त्यानं पहिली लाथ घातली ती त्यांच्या नडगीवर. बुटाची लाथ ती! मालक कळवळले. त्यानं दुसरी घातली, तिसरी घातली. "ऐकून घ्या म्हणालो हुतो! ऐकून घ्या म्हणालो हुतो!" प्रत्येक लाथेला तेवढंच.

मी त्याच्या कंबरेला मिठी मारून ओढलं. त्यानं मला असं झटकलं की मी उंबऱ्याच्या दगडावर जाऊन आदळले आणि माझं कोपर फुटलं. तेवढ्यात मालकांनी आतूनच पाना फिरवला. तो धैर्याच्या घोट्यावर बसला. हाड वाजलेलं मी ऐकलं. धैर्या गुरासारखा ओरडला, एका पायावर लंगडत मागं गेला आणि त्याची नजर जॅकवर पडली.

"धैर्या, नको!"

त्यानं दोन्ही हातांनी जीप धरली आणि दुखऱ्या पायानंच जॅकला लाथ घातली.

गाडी खाली आली. धरणी हादरली म्हणतात ना, तसं माझ्या पायाखाली झालं. धुळीचा लोट उठला. मालकांचे पाय एकदाच ताडकन ताठ झाले आणि मग हलेनात. आतून आवाज नाही. आणि गाडीखालून काहीतरी ओलं ओलं मातीत पसरत बाहेर येऊ लागलं.

मला चाक आठवलं नाही. मीच सारलेलं चाक, पण नाही आठवलं. मला एवढंच दिसलं की माझा नवरा मेला आणि मारणारा समोर उभा आहे. चाकाचे नट काढायचा लांब पाना जमिनीवर पडला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला. धैर्या वाकून गाडीखाली बघत होता, माझ्याकडं पाठ होती त्याची. मी घातला. कानाच्या वर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला आणि तो तोंडावर आडवा झाला.

लोक मला विचारतात, हात कसा उचलला गं? सख्खा भाऊ ना तुझा? त्यांना मी तेव्हा सांगितलं आणि आजही सांगते, नवरा गाडीखाली होता. जॅकला लाथ घालणारा माझा बाप असता तरी मी पाना घातला असता.

मी दुसऱ्यांदा पाना उचलला होता, तेव्हा आतून आवाज आला.

"रत्ने…"

माझ्या हातातला पाना गळून पडला.

"रत्ने, हाय मी. चाकावर अडकलीय गाडी. छाती दाबलीय. ओढ मला."

मी त्यांचे पाय धरले आणि ओढलं. कुठून बळ आलं माहीत नाही. शेजारचे महादू आबा आणि त्यांचा थोरला धावत आले, त्यांनी जॅक परत लावून गाडी बोटभर उचलली आणि मालक बाहेर आले. तोंड, छाती, केस, सगळं चिंब. मी किंकाळी फोडली. मला वाटलं रक्त.

रक्त नव्हतं. पिवळं होतं.

गाडी आदळली तेव्हा सुटत आलेला बोल्ट निसटला होता आणि हौसिंगमधलं सगळं तेल त्यांच्या अंगावर सांडलं होतं. मालक उठून बसले. डोळे पुसले. हाताकडं बघितलं. दोन बोटांत तेल चोळलं, नाकाला लावलं, परत चोळलं. करडईचं ताजं तेल असतं ना, तसं स्वच्छ होतं ते. त्यात काळा कण नाही की लोखंडाचा चुरा नाही.

"नवं हाय," ते म्हणाले.

"काय नवं हाय?"

ते तसेच परत वाकून गाडीखाली बघू लागले. हौसिंगच्या वरच्या अंगाला आणखी एक टोपण असतं, तेल भरायचं. बोल्टाची रेघ बघितली तेव्हा त्या टोपणाकडं आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. त्याच्या कडा ताज्या घासलेल्या होत्या आणि त्याच्यावरची पिवळी रेघ तुटलेली होती.

"वरनं काढलंय," मालक म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "नळी घालून मशीननं ओढलंय. वरनंच काढलं, वरनंच भरलं. खालच्या बोल्टाला हात लावायची गरजच न्हाई. तिथं मशीन हुतं गं, नळी लावलेलं. मी बघितलं हुतं. मला वाटलं, हवा भरायचं असंल."

धैर्या तिथंच पालथा पडला होता. कानातून रक्त येत होतं. महादू आबांनी त्याला उताणा केला, तर एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. त्याला उलटी झाली.

"पोरगं जातंय," आबा म्हणाले. "खाली न्या. लगेच न्या."

न्यायचं कशात? दुपारची वेळ, सगळ्या जीपा खाली गेलेल्या. गाडी एकच होती आणि तिच्या हौसिंगमध्ये थेंब नव्हता. नव्या तेलाचा डबा ओट्यावर होता, पण तो ओतायचा कुठून? मालकांनी वरच्या टोपणाला पाना लावला. बसेना. दुसरा लावला. जुन्या गाडीला साधा पाना चालायचा, या टोपणाला चौकोनी किल्ली लागत होती आणि ती आमच्याकडं नव्हती. तेल सोडायच्या आधी भरायचं टोपण उघडतंय का ते बघायचं असतं. कुठलाही ड्रायव्हर झोपेतसुद्धा हे सांगेल. मालक रागात ते विसरले होते.

त्यांनी छिन्नी लावून हातोडा घातला. टोपण जागचं हललं नाही. धैर्याच्या घशातून घरघर सुरू झाली होती. मालकांनी हातोडा फेकून दिला.

"खालचा बोल्ट बसवा. चाक चढवा. आबा, नट आवळा!"

"अरे, कोरडी गाडी घाटात घालतोस? हौसिंग जळून जाईल. गाडी जाईल तुझी."

"जळू दे."

ती जीप म्हणजे आमचं सगळं होतं. शेत नाही, दुसरा धंदा नाही. मी मागच्या बाकाच्या मध्ये खाली बसले आणि धैर्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझा पदर त्याच्या कानाला दाबून धरला. मालक बसले तेव्हा त्यांच्या बरगड्यांतून कळ आली असणार, ते स्टिअरिंगवर वाकले. मग त्यांनी गाडी सोडली.

पहिल्या वळणापर्यंत काही नाही. दुसऱ्या वळणाला मागून बारीक शीळ सुरू झाली. मग शिट्टीचा आवाज जाड झाला, मग रडल्यासारखा, आणि पुढं पुढं तर डुकराला सुरी लावल्यावर ओरडतं तसा. पाण्याला निघालेल्या बाया रस्त्याच्या कडेला दगडाला चिकटून उभ्या राहिल्या. खालून लोखंड तापल्याचा वास येऊ लागला, मग धूर.

"अहो, धूर येतोय."

"येऊ दे."

धैर्यानं डोळा उघडला. आवाज त्याला ऐकू जात होता. सर्व्हिसिंगचा माणूस तो. "हौसिंग… कोरडं हाय," तो पुटपुटला. "दाजी, थांबवा. गाडी जाईल."

मालकांनी मागं वळून बघितलं नाही. "गप पड," ते म्हणाले. "गप पड, माझ्या राजा." त्यांनी एवढ्या वर्षांत मलासुद्धा असं कधी म्हटलं नव्हतं. आणि मी तिथंच, धुरात, भावाचं रक्त दोन्ही हातांना लागलेलं असताना, मोठ्यानं रडले.

गाडी दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली. फाटकातच मागून मोठा आवाज झाला, दोन्ही चाकं जाम झाली आणि ती फरफटत जाऊन तिरकी उभी राहिली. मालक उतरले, धैर्याला पाठुंगळी मारलं आणि आत पळाले. दाराच्या पायऱ्यांवर त्यांच्या तोंडातून रक्त आलं. आत गेल्यावर कळलं की त्यांच्याही बरगड्या तुटलेल्या होत्या.

धैर्या वाचला. एका कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मालक म्हणाले, "जॅक सटकला. हँडल उडून त्याच्या डोक्यात बसलं." हवालदार धैर्याकडं गेला. धैर्या म्हणाला, "जॅक सटकला. हँडल बसलं." त्या दोघांची तोवर गाठसुद्धा पडली नव्हती. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मग आणखी काय होणार?"

तो गेल्यावर धैर्यानं मला जवळ बोलावलं. डोक्याला पांढरं फडकं, ओठ सुकलेले.

"आक्का, तेल बघितलं का गं?"

मालक दारात उभे होते. अंगावर तोच शर्ट, तेल सुकून कडक झालेला.

"त्यांना विचार," मी म्हटलं.

मालक पुढं आले. या माणसाच्या तोंडून मी "चुकलं" हा शब्द कधी ऐकला नव्हता. शर्टाची कडक बाही चोळली. मग म्हणाले, "नवं हुतं. पाण्यासारखं स्वच्छ हुतं." आणि वळून निघून गेले. धैर्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे किती वेळ हलत होते.

त्याला घरी सोडलं तो बाजारचा दिवस होता. एस.टी.नं आम्ही वर आलो, तो माझा हात धरून. एस.टी. वडापच्या थांब्यावरच थांबते. खाली उतरलो तर थांब्यावर नेहमीची गडबड नाही. ड्रायव्हर लोक गाड्यांना टेकून उभे, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाजारची माणसं लांबून बघत होती.

मधल्या दगडावर मालक बसले होते. तोंडाला काळं फासलेलं. कपाळापासून गळ्यापर्यंत जळकं तेल, डोळ्यांचं फक्त पांढरं दिसत होतं. तेलाचा डबा पायाशी.

"हे कुणी केलं?" मी ओरडले. "कुणी हात लावला? सांगा मला!"

"कुणी न्हाई, वहिनी," एक ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला. "त्यांनी स्वतःच लावलं. सकाळपासनं बसल्यात. येईल त्याला सांगत्यात, धैर्यशीलनं तेल बदललं हुतं, काळं माझ्या तोंडाला लागाय पायजे हुतं. शोरूमच्या मालकालाही सांगून आल्यात काल."

मालक उठले. धैर्यासमोर येऊन उभे राहिले. बरगड्यांमुळं त्यांना ताठ होता येत नव्हतं.

"बोल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोल. मारायचं तर मार. कुणी आडवं येणार न्हाई."

धैर्या एक पाऊल पुढं झाला. चांगला कान पुढं करायला त्यानं मान थोडी वाकडी केली होती, ती सवय त्याला तेव्हापासूनच लागली. मी मधे पडणार नव्हते. एकदा पडले होते, ते पुष्कळ झालं.

मग त्यानं हात वर केला आणि मालकांच्या गालावरून एक बोट ओढलं. बोटाला लागलेलं काळं त्यानं निरखून बघितलं.

"साबणानं निघत न्हाई हे, दाजी," तो म्हणाला. "रॉकेल लागतं. आणि कानामागचं कुणीतरी दुसऱ्यानं पुसावं लागतं. आपलं आपल्याला दिसत न्हाई."

मी घरात रॉकेल आणायला गेले. परत आले तर धैर्यानं मालकांना दगडावर बसवलं होतं आणि स्वतःच्या रुमालानं पुसायला सुरुवात केली होती.